पश्चिमेच्या पाइनचा पट्टा

मेइजी दुसरं वर्ष, दहावा महिना, सतरावा दिवस

मोहेइ,

जिवंत आहेस म्हणे. तात्सु मासळीवाली काल सांगून गेली, की तू बंदरावर आहेस, मठाच्या गेन्काईबुवांना पाठुंगळी मारून दोन दिवस चाललास, आणि कुठल्याशा व्यापाऱ्याच्या बागेत कामाला लागलास. मेल्या, आठ दिवस तुझ्या नावानं रडले मी. एक चिठ्ठी धाडायला हात मोडले होते का तुझे?

हात मोडला तो बुवांचा. मी तिथंच होते. घंटा वाजवायच्या वाशानंच मोडला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. वर त्यांच्या तोंडात खारवलेला मासा कोंबला आणि म्हणाले, "खा, आता तू संन्यासी नाहीस." सत्तर वर्षांचा माणूस! माझ्यासकट अर्ध्या गावाला अक्षरं शिकवली त्यानं. ज्यांना शिकवली त्यांनीच कोंबला.

तू बुवांना घेऊन निघून गेलास, बाकीचं तुला ठाऊक नसेल, म्हणून पहिल्यापासून लिहिते. सरदाराच्या वाड्यावरून आलेल्या त्या निशिनो कारकुनानं पायऱ्यांवर उभं राहून हुकूम वाचला. नवं सरकार, नवा कायदा, देव वेगळे, बुद्ध वेगळा, मठ मोडा. मेपल असे लाल पेटलेले, वर्षातला सगळ्यात देखणा दिवस, आणि खाली दीडशे पुरुष कुऱ्हाडी घेऊन उभे. अंगणातली तू पहाटे दाताळ्यानं रेघा ओढलेली वाळू त्यांनी चिखलासारखी तुडवली. घंटा उताराला लावून ढकलली, ती क्यूबेइच्या कुंपणातून आरपार गेली. माणसं हसत होती रे, जत्रेत हसावं तशी.

मग तळ्याकाठचे दगडी जिझो. बेचाळीस. तिथं मात्र सगळ्यांचे हात लटकले. मेलेल्या पोरांना सांभाळणारा देव, त्याच्यावर पहिला घाव घालणार कोण? निशिनो तीनदा ओरडला. कोणी हलेना. तेव्हा तुझा दाजी पुढं झाला.

इवाकिची पाथरवट. त्यातले निम्मे जिझो त्यानंच घडवलेले. आणि पहिला घाव कुठं घातला माहितेय? आपल्या तोमेच्या जिझोवर. दोन वर्षांपूर्वी त्या तळ्याच्या पातळ बर्फाखाली आपलं पाच वर्षांचं पोरगं गेलं, तेव्हा ह्याच माणसानं चाळीस दिवस कोणाशी न बोलता तो जिझो कोरला होता. गाल तोमेसारखेच फुगरे. एका घावात मान उडाली. मुंडकं घरंगळत गेलं आणि पोरगं गेलं तिथंच पाण्यात पडलं. मग बाकीच्यांना जोर आला.

मृतांच्या नावांच्या पाट्या त्यांनी अंगणात ढीग करून जाळल्या. गावातला मेलेला प्रत्येक माणूस त्या ढिगात. तुझा दाजी कवेत भरभरून आणत होता. मी आडवी गेले, म्हणाले, तोमेची कुठाय? ती तरी दे. "यातच आहे," म्हणाला आणि कोपरानं ढकललं मला. ओठ फाटला, तो अजून दुखतो. पोराचं या जगात तेवढंच उरलं होतं, मोहेइ. वीतभर लाकूड. तेही बापानं चुलीत घालावं तसं घातलं.

आता नीट ऐक. टपालानं पत्र लिहू नकोस. मठाच्या माणसांची पत्रं निशिनो फोडतो आणि विहिरीवर मोठ्यानं वाचून दाखवतो. तात्सुच्या टोपलीतून धाड. ती जाताना टोपली रिकामी असते म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. येताना नाक्यावर कधीमधी उलटी करतात, तेव्हा चिठ्ठी माशाच्या पोटात घाल.

आणि एक. हिवाळा लागण्याच्या दिवशी सतराही पाइनना पेंढ्याचे पट्टे बांधलेस, ते बरं केलंस. पण पश्चिमेच्या पाइनची वरची दोरी एवढी का आवळलीस? खालची घट्ट, वरची सैल, हे काय मी तुला शिकवू? थंडीला भिऊन किडे खाली उतरतात, त्यांना पेंढ्यात शिरायला वाट नको? बाबा असते तर त्याच दोरीनं तुला बडवलं असतं. मी सहा वर्षांची असताना वसंतात किड्यांसकट जाळायला उतरवलेला एक पट्टा उलगडून बघितला होता, आठवतं? कानाखाली अशी काढली होती की दोन दिवस शिट्टी ऐकू येत होती. "पट्टा उघडायचा नाही, किडे पळतात. बांधलेला तसा आगीत!" माळ्याची पोर म्हणून एवढं तरी माझ्या डोक्यात पक्कं बसलंय.

जेवत जा.

सेकी

*

अकरावा महिना, तिसरा दिवस

ताई,

आधी एवढी ओळ वाच, बाकीचं मग वाच. तोमेची पाटी जळालेली नाही.

ती पश्चिमेच्या पाइनच्या पट्ट्यात आहे. म्हणून वरची दोरी घट्ट. घसरून बाहेर पडली असती.

आदल्या दिवशी दुपारी निशिनो मठात येऊन मोजमाप करून गेला, तेव्हाच मला कळलं. संध्याकाळी दिवे लागायच्या आत मी पाट्यांच्या खोलीत शिरलो. तीनशेच्या वर पाट्या, ताई. कुठली उचलू? मी एकच उचलली. अख्ख्या गावाच्या मेलेल्या माणसांमधून मी फक्त माझा भाचा उचलला. इथं बुवा रोज मोडक्या हातानं सगळ्यांसाठी प्रार्थना करतात आणि मी शेजारी मान खाली घालून बसतो. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तेच झाड का, ते तुला ठाऊक आहे. त्या दिवशी मी त्याच झाडावर शिडी लावून, फांद्या भारानं मोडू नयेत म्हणून बर्फाच्या दोऱ्या बांधत होतो. तोमे खाली दोरीचा गुंडा धरून उभा होता. मी म्हणालो, हलू नकोस हं. एक गाठ मारली, दुसरी मारली, खाली पाहिलं तर गुंडा होता आणि पोरगं नव्हतं. दाजींनी मला एक शिवी दिली नाही. आजतागायत नाही. दिली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून ते समोरून येताना दिसले की मी वाट बदलतो.

आता काय करायचं ते सांगतो. वसंतात, किडे जागे होण्याच्या दिवसाआधी एकटी जा. दोरी काप आणि पट्टा उघड. हो, उघड. बाबांचा शब्द मोडल्याचं पाप माझ्या माथी. पाटी काढून तांदळाच्या कणगीत तळाला ठेव. दाजींना चुकूनही कळू देऊ नकोस. ज्या माणसानं पोराच्या जिझोची मान उडवली, तो पाटी काय ठेवणार! स्वतःच्या हातानं आगीत टाकेल.

हे पत्र वाचलंस की जाळ.

मोहेइ

*

बारावा महिना, अकरावा दिवस

मोहेइ,

तुझं पत्र मिळालं नाही, आणि आता मिळणारही नाही. तात्सु म्हातारीला नाक्यावर धरलं. टोपली उलटी केली, एकेक मासा चिरला. चिठ्ठी दिसतेय म्हटल्यावर म्हातारीनं झडप घातली, तोंडात कोंबली आणि चावून गिळली! निशिनोच्या माणसानं काठीनं तोंडावर मारलं, खालचे सगळे दात गेले. रक्त थुंकत मला म्हणते कशी, "बाई, तुझ्या भावाची शाई फार कडू." तोंड इतकं सुजलेलं, तरी हसत होती. आता बर्फ पडलंय, ती वसंतापर्यंत खिंड चढायची नाही. हे पत्र कोळसेवाल्या हेइरोकूबरोबर धाडतेय, चिंध्यांच्या गाठोड्यात शिवून. त्याच्याजवळ उलट चिठ्ठी देऊ नकोस, येताना नाक्यावर त्याचंही गाठोडं उसवतात, आणि तोंडी निरोपही नको. त्याच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नाही, आणि मठ मोडताना तोही होताच.

काय लिहिलं होतंस रे? तब्येत? बायकोबियको बघितलीस का? चुकून टपालानं कळवशील तर बागेबिगेचंच कळव, म्हणजे निशिनोला कंटाळा येईल.

इथं सगळं उलटंपालटं आहे. यंदा पाइनना बर्फाच्या दोऱ्या बांधायला कोणी नाही. पहिल्याच मोठ्या बर्फात पूर्वेकडच्या तीन झाडांच्या फांद्या मोडल्या. घरात बसून ऐकू येतं, कडाड्, कडाड्. प्रत्येक आवाजाला मला बुवांचा हात आठवतो.

तुझा दाजी माणसात राहिलेला नाही. काम सोडलंय. सकाळी उठतो, साकेची सुरई काखोटीला मारतो आणि मठाच्या आवारात जाऊन पश्चिमेच्या पाइनखाली बसतो. बर्फात! झाडाला पाठ लावून, तळ्याकडे तोंड करून, दिवसभर. मी एकदा भात घेऊन गेले तर अंगावर दगड भिरकावला. "इकडं फिरकायचं नाही!" म्हणे. जणू तळं त्याच्या बापाचं. पोर गेलं ते काय माझं नव्हतं?

गेल्या आठवड्यात क्यूबेइ कुऱ्हाड घेऊन गेला. मठाची झाडं आता कोणाचीच नाहीत, सरपणाला कोणीही तोडावीत, असं निशिनोनं जाहीर केलंय. बाकी झाडांना हात लावला तोवर तुझा दाजी बोलला नाही. पश्चिमेच्या झाडाला पहिला घाव बसला मात्र, आणि हा उठला. क्यूबेइची कुऱ्हाड हिसकून त्यानं तळ्यात फेकली आणि नुसत्या मुठींनी त्याला मारलं. मारलं म्हणजे काय, दगड फोडतात तसं मोजून, एका जागी, पुन्हा त्याच जागी. चार जणांनी ओढून काढला तेव्हा क्यूबेइच्या तीन बरगड्या गेल्या होत्या आणि एक डोळा मिटलेला. का मारलंस, विचारलं तर म्हणतो, "माझी बसायची जागा आहे." ऐकलंस? बसायच्या जागेसाठी!

घरी आला तेव्हा मी म्हणाले, पोराचा देव फोडताना हात नाही थरथरला आणि सरपणासाठी शेजाऱ्याला मारतोस? त्यानं सुपाची कढई भिंतीवर आपटली. मी चुलीतला चिमटा उचलून त्याच्या खांद्यावर घातला. त्यानं उलटून हात उगारला नाही. मोहेइ, मला त्याची किळस येते. तोमेची पाटी जाळणाऱ्या हातांनी तो भात खातो आणि मी वाढते. एक दिवस काहीतरी भलतं होणार आहे, बघ.

सेकी

*

मेइजी तिसरं वर्ष, पहिला महिना, सोळावा दिवस
(टपालानं)

ताईस नमस्कार.

इथं सर्व क्षेम. व्यापाऱ्याच्या अंगणात प्लम फुलला आहे. बर्फातच फुलला, वास फार सुरेख. मालक चांगले आहेत. नवीन सरकारचं राज्य सुखाचं चाललं आहे.

बागेसंबंधी एकच कळवायचं आहे. पश्चिमेच्या पाइनचा पेंढ्याचा पट्टा यंदा कोणीही उतरवू नये. किडे जागे होण्याचा दिवस आला तरी नाही. ते झाड आजारी आहे, त्याला ऊब हवी. मी स्वतः येऊन तो पट्टा उतरवीन. मी येईपर्यंत कृपा करून हात लावू नये. ताई, बाकी सोळा झाडांचं काहीही होवो. हे माझं एवढं मागणं.

दाजींना साष्टांग नमस्कार.

मोहेइ

*

दुसरा महिना, नववा दिवस

मोहेइ,

बसून वाच.

तुझं टपालाचं पत्र निशिनोनं विहिरीवर वाचलं, सगळ्यांसमोर. लोक पोट धरून हसले. "माळी असून किडे पोसतोय! बंदराचं पाणी लागलं त्याला!" मीही मनात म्हटलं, ह्याचं डोकं फिरलं. आजारी झाडाला पट्टा ठेवायचा म्हणजे आजाऱ्याला ढेकणाच्या गादीवर झोपवायचं. मग निशिनो हसायचा थांबला आणि म्हणाला, "स्वतः येऊन उतरवणार, नाही का? येऊ दे." आणि क्यूबेइचा भाऊ म्हणाला, "तो पट्टा उतरवायला येऊ दे, आपण त्याचं मुंडकं उतरवू." खिंडीत दोन माणसं बसवली त्यांनी त्याच दिवशी. कुऱ्हाडी घेऊन.

तुझा दाजी विहिरीपाशीच उभा होता. तो हसला नाही. मला वाटलं, तोही तुझी वाट बघतोय. पोर ज्याच्या हातून गेलं तो माणूस आयता पायानं चालत येतोय.

मला घराची ओढ म्हणजे काय ते कळतं, मोहेइ. मला वाटलं, तुला परत यायचंय आणि निमित्त हवंय. तेव्हा मी ठरवलं, निमित्तच ठेवायचं नाही. पट्टा उतरला, जळला, असं कळलं की तू कशाला येशील? निदान जीव तरी वाचेल. एवढाच विचार केला मी. तुझ्या गळ्याची शपथ, एवढाच.

किडे जागे होण्याच्या दिवशी सकाळी बाबांची कोयती घेऊन गेले. ऊन पडलं होतं, बर्फ वितळून चिखल झालेला. निशिनो आणि पाचसहा जण होते, म्हणे बाई काय करते बघू. मी वाळूवर आग पेटवली. पूर्वेपासून सुरुवात केली. दोरी कापायची, पट्टा बांधलेला तसा उचलायचा, आगीत. उघडायचा नाही. कुऱ्हाडीतून वाचलेली अकरा झाडं झाली. तुझा दाजी नेमका तेव्हा तिथं नव्हता. सकाळी निशिनोच्या माणसांनी त्याला पुलाचा दगड बसवायला नेलं होतं.

पश्चिमेच्या पाइनची वरची दोरी कापताना तुला शिव्या घातल्या. कोयती दोनदा घसरली. पट्टा हातात आला तो जड लागला. मला वाटलं, बर्फाचं पाणी प्यायलाय. आणि टाकला, मोहेइ. ह्या हातांनी टाकला.

तेवढ्यात फाटकातून आरोळी आली. "सेकी! तोमे आहे त्यात!"

हे धावत येत होते. हातात हातोडा, पाय चिखलानं बरबटलेले. मला कळलंच नाही काय म्हणतायत. ह्यांनी हातोडा टाकला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आगीत घातले. पेंढा पेटलेला, हात पेटलेले, आणि हे आतून ओरबाडतायत. मांस जळाल्याचा वास आला. बाहेर काढलं तेव्हा ह्यांच्या हातात आपली पाटी होती. एक बाजू काळी पडलेली. दुसरीकडे तोमेचं नाव.

मी पाटीवरची राख पुसायला हात पुढं केला.

निशिनो पुढं आला. "हुकूम सगळ्यांना सारखा आहे," म्हणाला, आणि ह्यांच्या हातावर लाथ मारली. पाटी उडाली ती पुन्हा आगीत. मी कोयतीच्या टोकानं ती ओढली, बाही जळली, केस जळले, पण ओढली. पोटाशी धरली आणि चिखलात पालथी पडले. माझ्या डोक्यावर आवाज ऐकला. एकच. ओल्या दगडावर हातोडा बसतो तसा. वर बघितलं तर निशिनो पडला होता. कपाळ राहिलं नव्हतं. आणि हे हातोडा धरून उभे होते. तळहाताची कातडी दांड्याला चिकटून लोंबत होती. बाकीच्यांना म्हणाले, "आता कोण?" कोणी पुढं आलं नाही. मग हे आपणच खाली बसले, झाडाला पाठ लावून, रोज बसायचे तसे.

वाड्याचे शिपाई यायला संध्याकाळ झाली. तोवर आम्ही तिथंच. दोन वर्षांत पहिल्यांदा शेजारी बसलो. ह्यांनी सांगितलं. मठ मोडला त्या दिवशी, जिझो फोडायच्या आधीच, हे तोमेची पाटी लपवायलाच खोलीत गेले होते. कप्पा रिकामा होता, धुळीत नुसता चौकोन. दुसऱ्या दिवशी झाडाची दोरी दिसली. "पाथरवट असलो म्हणून काय झालं? सासरा माळी होता माझा. घट्ट दोरी कळत नाही मला?" जिझो का फोडला, विचारलं. म्हणाले, "मी पुढं झालो नसतो तर बापाला पोराची माया आहे हे निशिनोला दिसलं असतं. मग पाटीच्या शोधात त्यानं मठाचा कोपरान् कोपरा उकरला असता, झाडन् झाड सोललं असतं." आणि मला का नाही सांगितलं? तर म्हणाले, "तुझ्या तोंडावर सगळं दिसतं, सेकी. तू दुसऱ्या दिवशी फुलं घेऊन गेली असतीस." तुझं पत्र ऐकल्यावर त्यांनी ठरवलं होतं, आदल्या दिवशीच पाटी काढायची. पण मी ज्यांच्यासमोर पट्टे उतरवले, तेच तिथं आदल्या दिवसापासून पहारा देत होते.

सगळा हिवाळा त्यांनी बर्फात बसून राखली. तू राखलीस. आणि मी जाळली. मी त्यांना चिमट्यानं मारलं होतं रे. त्याचा डाग अजून खांद्यावर होता.

नेताना शिपायांनी हात बांधले. जळलेल्या हातांना काथ्याची दोरी. फाटकाशी वळून म्हणाले, "मोहेइला सांग, त्या दिवशी बर्फ पातळ होतं. एवढंच."

सेकी

*

चौथा महिना, विसावा दिवस

ताई,

हेइरोकूनं सांगितलं, दाजींची मान उडवली. नदीकाठी, आयरिस फुलल्या होत्या त्या दिवशी, सकाळी. देहही दिला नाही म्हणे, आणि पाटी करायला बंदी.

बंदी असेल. बुवांनी दाजींना मेल्यानंतरचं नाव दिलं आहे आणि मी पाटी केली आहे. सीडरची, वीतभर. माझ्या हातून अक्षरं वाकडी आली, तीन वेळा रंधा मारला. मी दाजींना राक्षस समजलो, ताई. तुला लिहिलं होतं, त्यांना कळू देऊ नकोस म्हणून. ते पत्र म्हातारीनं गिळलं. त्यातलं ते एक वाक्य तरी तू वाचलं नाहीस, एवढंच बरं झालं.

बुवांना शेवटी सांगितलं, तीनशेतून एकच उचलली म्हणून. मला वाटलं, तोंड फिरवतील. म्हणाले, "तू एक तरी उचललीस. मी पळताना माझं भाताचं वाडगं उचललं." आणि रडायला लागले. ते वाडगं अजून आहे, त्यातच जेवतात.

तू इथं ये. खोली लहान आहे पण खिडकीतून समुद्र दिसतो. तिथं आता तुझं काय राहिलंय?

मोहेइ

*

सातवा महिना, विसावा दिवस

मोहेइ,

येत नाही. रागावू नकोस.

ह्या वर्षी मेलेल्यांच्या सणाला दिवे लावायचे नाहीत, नाचायचं नाही, असा हुकूम होता. निशिनोच्या जागी अजून कोणी आलेलं नाही, पण लोक भितात. सणाच्या दिवशी गाव असं गप्प, की रातकिड्यांचाही त्रास वाटला. मी दार लावून बसले होते. तोमेची पाटी कणगीतून काढून मांडीवर घेतली होती.

कोणीतरी कडी वाजवली. क्यूबेइ. बरगड्या वाकड्याच सांधल्या आहेत त्याच्या, काठी टेकत चालतो. मी दारातल्या कोयतीवर हात ठेवला. तो उंबऱ्याकडे बघत म्हणाला, "सेकीबाई, माझ्या आईची पाटी मीच टाकली होती आगीत. तुला लिहिता येतं. तिचं नाव एका कागदावर लिहून देशील का? आणि तुमच्या त्या झाडात जागा आहे का?"

शिव्या द्याव्यात असं वाटलं. ओठावर आल्या होत्या. पण त्याची आई मला लहानपणी पर्सिमॉनची फळं द्यायची. मी शाई उगाळली.

आतापर्यंत सव्वीस झाले. बायका भाजीच्या टोपलीखाली हात घालून येतात, नाव सांगतात, मी लिहिते, घडी करते. तात्सु म्हातारीही आली होती, तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन. दात नाहीत, त्यामुळे तिनं काय सांगितलं ते चार वेळा विचारावं लागलं. दोघी हसलो. पुष्कळ दिवसांनी.

तेव्हा तू ये. हिवाळा लागण्याच्या दिवशी ये, मेपल लाल होतील तेव्हा. खिंडीत आता कोणी बसत नाही, मी क्यूबेइकडून वदवून घेतलंय, आणि आलाच कोणी अंगावर तर बाबांची कोयती धार लावून ठेवलीय. ह्यांची पाटी घेऊन ये. अक्षरं वाकडी असू देत, त्यांना वाचता कुठं येत होतं? पश्चिमेच्या पाइनवर ती आणि तोमेची एकत्र बांधायची, बापाची बाहेरच्या अंगाला. तोडलेली पाच सोडली तर अजून बारा झाडं उभी आहेत. बाकी अकरांत बाकीचे.

या खेपेला वरची दोरी सैल बांध, बाबांनी शिकवली तशी, म्हणजे कोणाला संशय यायचा नाही. पाट्या मी फडक्यात गुंडाळून शिवून देईन, घसरणार नाहीत.

आणि किडे जागे होण्याच्या दिवशी जाळण्याआधी प्रत्येक पट्टा मी माझ्या हातानं उघडून बघणार आहे. किडे पळाले तर पळू देत.

सेकी